न्यूट्रलला घर्र आवाज, क्लच दाबला की बंद : गिअरबॉक्स उतरवायच्या आधी काय काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांची ड्राइव्ह, पाच गिअर, ९० हजार किलोमीटरच्या वर रनिंग. गाडी गरम झाली की न्यूट्रलला उभी असताना घर्र घर्र आवाज येतो आणि क्लच पूर्ण दाबला की तो बंद होतो. शिवाय डावीकडे फुल टर्न मारून गाडी काढताना पुढून टकटक ऐकू येतं. एका गॅरेजनं सांगितलं क्लच सेट टाका, दुसऱ्यानं थेट गिअरबॉक्स ओव्हरहॉलचं, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्तीचं, एस्टिमेट दिलं, आणि दोघांपैकी कुणीही गाडीत बसून स्वतः क्लच दाबून बघितला नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. कारण हे निदान नव्वद टक्के गाडीत बसूनच होतं, पाना हातात घ्यायच्या आधी. माझं कोल्हापुरात गॅरेज आहे, क्लच आणि गिअरबॉक्सचंच काम जास्त असतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळा खेळ एकाच गोष्टीवर आहे, कुठल्या वेळी कुठला पार्ट फिरतोय आणि कुठला थांबलाय. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवर नाही अशा वेळी क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवरच्या जड चकतीला, चिकटून फिरत असते, तिच्याबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनचा जोर आत नेणारा दांडा, फिरतो, त्याची बेअरिंगं फिरतात आणि समोरच्या शाफ्टवरचे गिअर नुसते मोकळे फिरत असतात. क्लच पूर्ण दाबला की प्लेट सुटते आणि इनपुट शाफ्ट थांबतो, म्हणजे गिअरबॉक्सच्या आत सगळं शांत होतं, पण त्याच वेळी रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, पूर्ण दाब येतो आणि ते प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगच्या बोटांबरोबर फिरायला लागतं. एवढं डोक्यात बसलं की अर्धी लढाई तिथंच जिंकली. क्लच दाबल्यावर जो आवाज जातो तो बहुतेक गिअरबॉक्सच्या इनपुटचा किंवा प्लेटचा, आणि क्लच दाबल्यावर जो येतो तो बहुतेक रिलीज बेअरिंगचा. बहुतेक म्हणतोय कारण यात एक अडचण आहे आणि नेमकी तुमच्या गाडीत ती येऊ शकते.

अडचण अशी की रिलीज बेअरिंग ढिलं झालं असेल किंवा त्याला ढकलणारा फोर्क झिजला असेल तर पाय काढलेला असताना ते नुसतं खडखडत राहतं आणि पाय टेकवला की दाबून बसतं, आवाज बंद. म्हणजे वरवर बघितलं तर गिअरबॉक्स आणि बेअरिंग दोघांचं लक्षण एकच. मग ओळखायचं कसं? गाडी चांगली गरम करा, एसी बंद, काचा वर, न्यूट्रलला ठेवा. आता क्लचवर पाय दाबायचा नाही, फक्त पायाचं वजन टाकायचं, पेडल जेमतेम सेंटिमीटर दीड सेंटिमीटर खाली जाईल इतकंच. एवढ्यानं आवाज पटकन तुटला तर संशय रिलीज बेअरिंग, फोर्क आणि क्लिपवर, कारण एवढ्या दाबानं प्लेट सुटलेलीच नसते, इनपुट शाफ्ट अजून फिरतोच आहे. आवाज तसाच राहिला आणि पेडल पूर्ण खाली गेल्यावर एक-दोन सेकंदांत हळूहळू विरत गेला, तर तो इनपुट शाफ्टबरोबर फिरणाऱ्या कशाचातरी आहे. ते विरत जाणं कान देऊन ऐका. शाफ्टला थांबायला जरा वेळ लागतो आणि खराब बेअरिंगचा आवाज त्याच्या वेगाबरोबर खाली खाली जातो, परत पेडल सोडलं की तसाच चढत येतो. हे एकदा कानात बसलं की विसरत नाही.

आता इनपुट बाजूलाच आहे असं ठरलं तरी लगेच ओव्हरहॉल नाही. अजून दोन-तीन गोष्टी आहेत ज्या असाच आवाज करतात. एक म्हणजे साधी मोकळ्या गिअरची खडखड. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन चालू असताना, इंजिनचे झटके असतात, त्या झटक्यांनी मोकळे गिअर दात-दातावर आपटतात. ही खडखड गरम गाडीत, ऑइल पातळ झाल्यावर, एसी चालू असताना जास्त येते, आणि जरा रेस देऊन आरपीएम हजार-बाराशेवर नेले की निघून जाते. बेअरिंग असेल तर उलटं, रेस द्याल तसा घर्र आवाज वाढत, बारीक होत जातो, जात नाही. दुसरं, क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा. त्या ढिल्या किंवा तुटक्या झाल्या की आयडलला खळखळ येते आणि पहिल्या गिअरला गाडी उचलताना किंवा एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर खणखण असं धातूचं काहीतरी वाजतं. काही डिझेल गाड्यांना ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं आणि मध्ये स्प्रिंग असलेलं, फ्लायव्हील असतं, त्याचे आतले स्प्रिंग गेले की असाच आवाज, पण त्यात जास्त ओळखू येणारी खूण म्हणजे इंजिन बंद करताना शेवटच्या क्षणी येणारा खडाक आवाज. तुमची पेट्रोल हॅचबॅक आहे, त्यामुळे ड्युअल मासची शक्यता फार कमी, ते सोडून द्या.

तिसरी गोष्ट गिअर ऑइल. आश्चर्य वाटेल किती गाड्या लाख किलोमीटर चालतात आणि गिअरबॉक्सचं ऑइल कुणी बघितलेलंच नसतं, इंजिन ऑइल वेळेवर बदलतात आणि हे राहून जातं. छोट्या हॅचबॅकला जेमतेम दोन-सव्वादोन लिटर ऑइल असतं, एक्सलच्या सीलमधून थेंब थेंब गळत राहिलं तर वर्षभरात अर्धा लिटर कधी गेलं कळतही नाही, खाली डाग पडत नाही कारण चालत्या गाडीत वाऱ्यानं सगळं बॉडीला चिकटतं. म्हणून गाडी लेव्हलवर उभी करून साइडचा भरायचा प्लग उघडून बोट घालून बघायचं, बऱ्याच गाड्यांत ऑइल त्या भोकाच्या काठापर्यंत पाहिजे. काढलेलं ऑइल नीट बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकाला करड्या रंगाची मऊ पेस्ट लागलेली असते, ते नॉर्मल आहे, घाबरू नका. बोटात धरल्यावर टोचणारे चकत्यांचे तुकडे असतील तर बेअरिंग किंवा गिअरचा पृष्ठभाग सुटतोय. सोनेरी चमक दिसली तर पितळी सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगा, झिजतायत. आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

पाण्याचा विषय आमच्याकडे फार जवळचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात आलं, त्यानंतर कितीतरी महिने गॅरेजला अशाच गाड्या येत होत्या, इंजिन नीट, इंटीरिअर धुऊन झालेलं, आणि गिअरबॉक्स ओरडतोय. यासाठी गाडी बुडायलाच पाहिजे असं नाही. गरम गिअरबॉक्स चाकाच्या अर्ध्यापर्यंतच्या पाण्यात गेला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बेअरिंगच्या गोट्या ज्या खाचेत फिरतात त्या खाचेवर गंजाचे बारीक ठिपके पडतात, मग ऑइल बदललं तरी घर्र आवाज जात नाही. एक असंच बेअरिंग मी हातात घेऊन हळू फिरवत होतो, बाहेरून चकचकीत, पण बोटाला दर थोड्या अंतरावर किरकिर लागायची, जसं काही आत रेती आहे. तुमची गाडी मागच्या दोन-तीन पावसाळ्यांत अशा पाण्यातून गेली असेल तर गॅरेजला हे आधी सांगा, निदानात फरक पडतो.

ऑइल बदलताना ग्रेड गाडीच्या पुस्तकात बघूनच टाका. बऱ्याच पुढच्या ड्राइव्हच्या गाड्यांना जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, आणि दुकानात "जाड टाका, आवाज कमी होईल" म्हणून जीएल-५ हातात देतात. मागच्या अ‍ॅक्सलच्या हायपॉइड गिअरसाठीचं ते ऑइल, त्यातली काही अ‍ॅडिटिव्ह पितळी सिंक्रोला मानवत नाहीत, आणि जाड ऑइलनं सकाळी थंड गाडीत गिअर पडायला त्रास. आवाज महिनाभर दबतो, रोग तिथंच राहतो.

बाकी आवाजांचंही सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांची लक्षणं वेगळी असतील. क्लच दाबल्यावर चीं किंवा खर्र असा आवाज, पेडल जितकं खाली तितका मोठा, हे सरळ रिलीज बेअरिंग. पण त्याआधी इंजिन बंद करून पेडल मारून बघा. इंजिन बंद असताना पण कुईकुई येत असेल तर बेअरिंगचा काही संबंध नाही, ते पेडलचं बुश, केबल किंवा फोर्कचा पिव्होट आहे. थोडं ग्रीस आणि काम झालं. या एका चाचणीमुळे कितीतरी लोकांचा क्लच सेटचा खर्च वाचतो आणि तरी कुणी ती करत नाही.

क्लच दाबून ठेवल्यावर आवाज, तोही गिअरमध्ये टाकून गाडी उभी असताना सगळ्यात जास्त, आणि गाडी मागच्या ड्राइव्हची, म्हणजे बोलेरो, सुमो असल्यातली, तर पायलट बेअरिंगकडे बघा. ते फ्लायव्हीलच्या मध्यात बसतं आणि इंजिन फिरतंय पण शाफ्ट थांबलाय अशाच वेळी त्याला काम असतं. छोट्या पुढच्या ड्राइव्हच्या गाड्यांत बहुतेक ते नसतंच. या जुन्या गाड्यांची आणखी एक चांगली खूण आहे, बऱ्याच जणींचा चौथा गिअर थेट असतो, इंजिनचा जोर बाजूच्या काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ मागे जातो. मग बाकी सगळ्या गिअरला ओरड आणि चौथ्याला शांत असेल तर काउंटर शाफ्ट किंवा त्याची बेअरिंगं. एकाच गिअरला आवाज असेल तर तो गिअर. रिव्हर्सला चढत जाणारी कूंऽऽ अशी शिट्टी मात्र बहुतेक गाड्यांत नॉर्मल आहे, रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात म्हणून, त्यासाठी कुणी गिअरबॉक्स उघडायला सांगितलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

गिअर टाकताना खर्रर्र होणं हा वेगळा विषय. फक्त दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरला होतं आणि डबल क्लच केला, म्हणजे मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून परत दाबला, की होत नाही, तर सिंक्रो. सगळ्याच गिअरला कटकट आणि रिव्हर्सला तर हमखास, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. क्लच दाबून पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका, तरी खर्र झालं तर शाफ्ट थांबतच नाहीये असा अर्थ. यात केबल ताणलेली असते, हायड्रॉलिक असेल तर हवा किंवा फोर्क ढकलणारा स्लेव्ह सिलेंडर गळका, नाहीतर प्लेट वाकलेली. प्लेट वाकण्याचं एक कारण बिचाऱ्या मालकाला कधीच कळत नाही, गिअरबॉक्स चढवताना एकटा माणूस त्याचं सगळं वजन शाफ्टवर लटकवून ठेवतो आणि प्लेटचा हब तिरका होतो. नवीन क्लच टाकल्यावर पहिल्याच दिवसापासून गिअर अडकायला लागले तर हेच.

चालू गाडीतले आवाज इंजिनच्या आरपीएमबरोबर जातायत की गाडीच्या स्पीडबरोबर, हे पहिलं वेगळं करायचं. मोकळा सरळ रस्ता बघून साठच्या स्पीडला क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि आरपीएम आयडलला येऊ द्या. आवाज जसाच्या तसा राहिला तर तो बहुतेक चाकांकडच्या गोष्टींचा, व्हील बेअरिंग, टायर, डिफरन्शिअल. व्हील बेअरिंगची घूंऽऽ वळणावर बदलते, उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर येतं, तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, हायवेच्या सिमेंटवर एक, गावच्या डांबरीवर दुसरा, पुढची चाकं मागे टाकली की जागा बदलतो. अ‍ॅक्सिलरेटर दिला की एक सूर आणि सोडला की दुसरा सूर, हे डिफरन्शिअलच्या क्राऊन-पिनियन गिअरचं लक्षण.

तुमची टकटक बाहेरच्या सीव्ही जॉइंटची आहे, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याची. याचा क्लचशी काही संबंध नाही, एकाच एस्टिमेटमध्ये दोन्ही मिसळू देऊ नका. डावीकडे वळताना बाहेरच्या बाजूचं म्हणजे उजवं चाक जोर घेतं म्हणून आधी उजवा जॉइंट बघायचा, पण स्टिअरिंग फुल करून दोन्ही बूट, म्हणजे जॉइंटवरची रबरी कव्हरं, बघा. बूट फाटला की ग्रीस फेकलं जातं, रिमच्या आतल्या बाजूला आणि सस्पेन्शनवर काळे फवारे दिसतात. ग्रीस जाऊन पाणी आणि धूळ आत गेली की जॉइंटच्या खाचा झिजतात. बूट नुकताच फाटलाय आणि आवाज अजून नाही अशा वेळी साफ करून नवीन ग्रीस, नवीन बूट एवढ्यात भागतं. टकटक सुरू झाल्यावर नुसता बूट बदलून उपयोग नाही, जॉइंट बदलावा लागतो. आतला जॉइंट गेला तर टकटक नाही, साठ ते ऐंशीच्या दरम्यान अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर थरथर येते आणि सोडल्यावर जाते.

एक मात्र कळकळीनं सांगतो, कुणी गाडी जॅकवर घेऊन गिअर टाकून चाकं फिरवून आवाज ऐकवत असेल तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. चाकं लोंबकळत असताना एक्सल इतका तिरका होतो की चांगला जॉइंटपण कुरकुरतो, मुळात नसलेला आवाज तिथं तयार होतो. ऐकायचंच असेल तर लोअर आर्मखाली (सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याखाली) स्टँड देऊन चाक आपल्या नेहमीच्या उंचीला आणायचं, मागच्या चाकांना ठोकळ्याचा ओट लावायचा, आणि गाडीखाली कुणी जायचं नाही. नुसत्या जॅकवर चालू गाडी कधीच नाही.

आणखी एक, गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी सायलेन्सरचा पत्रा हलवून बघा. एक्झॉस्टवरचा उष्णतेचा पत्रा गंजून एका बोल्टवर लटकत असतो आणि ठराविक आरपीएमला हुबेहूब गिअरबॉक्ससारखा झणझणतो. इथं एक गाडी गिअरबॉक्स दोनदा उघडून आली होती, दुसरीकडे, आणि शेवटी त्या पत्र्याला क्लॅम्प मारल्यावर शांत झाली. तसंच इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे माउंटिंग. ते तुटलं की क्लच सोडताना गाडी थडथडते आणि लोक क्लच प्लेट बदलतात. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, कुणाला तरी पहिल्या आणि रिव्हर्सला क्लच जरासा उचलायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहून इंजिन किती हेलकावतंय बघा.

आता तुमच्या गाडीत मी कसा जाईन. आधी पायाच्या वजनाची चाचणी आणि रेस देऊन ऐकणं, मग ऑइल काढून बघणं आणि योग्य ग्रेडचं भरणं, हे स्वस्त काम आहे. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या बॉडीला लावून मूठ कानाला लावायची, पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब राहून, इनपुट बेअरिंगच्या जागी घर्र स्पष्ट ऐकू येते का बघायचं. मोकळ्या गिअरची नुसती खडखड निघाली आणि गिअर नीट पडतायत, क्लच घसरत नाहीये, तर गाडी चालवत राहा, काहीही उघडू नका. घसरतोय का ते चौथ्या गिअरला चाळीसच्या स्पीडला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन कळतं, आरपीएम एकदम वर पळाले आणि स्पीड मागं राहिलं तर प्लेट संपलीय. आंबा घाटात किंवा गगनबावड्याकडे ट्रकच्या मागं हाफ क्लचवर चढणाऱ्यांच्या प्लेटा लवकर जातात, तुमचं ड्रायव्हिंग कसं आहे तुम्हालाच माहीत.

बेअरिंगच निघालं, रिलीजचं किंवा इनपुटचं, तर गिअरबॉक्स उतरणारच. मग मात्र चिंगूसपणा नको. रिलीज बेअरिंगची किंमत लेबरपुढे काहीच नाही, ९० हजारच्या पुढे प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग एकत्र टाका, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि एक्सलची सीलं त्याच वेळी. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा दिसल्या तर फेसिंग (पृष्ठभाग कापून सपाट करणं) होतंय का विचारा, इथं आम्ही उद्यमनगरात लेथवर करून घेतो, पण मर्यादेच्या बाहेर गेलं असेल तर नवीनच. रिलीज बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊन परत बसवू देऊ नका, ते सील्ड असतं, पेट्रोल आतलं ग्रीस घेऊन जातं. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पातळ थर, जास्त लावलं की उडून प्लेटवर जातं आणि नवीन क्लच थडथडायला लागतो. इनपुट बेअरिंग खराब असेल तर ते बेअरिंग आणि सीलं बदलतात, सगळे गिअर चांगले असताना त्यांना हात लावायची गरज नसते, आणि ओव्हरहॉल शब्दाखाली काय काय बदलणार हे लिहून घ्या.

जुने पार्ट हातात मागा. प्लेटच्या रिव्हेट किती वर राहिल्यात, स्प्रिंगा हलतायत का, प्रेशर प्लेटच्या बोटांना बेअरिंगनं एकसारखी गोल खाच पाडलीय की काही बोटं जास्त खाल्लीत, हे डोळ्यांनी दिसतं. बोटं एकसारखी नसतील तर बेअरिंग वाकडं बसत होतं, मग फोर्क आणि पिव्होटपण बघायला सांगा नाहीतर नवीन बेअरिंग परत तसंच जाईल. आणि ऑइल बदलायला द्याल तेव्हा ड्रेन प्लगला हात लावायच्या आधी भरायचा प्लग सुटतोय ना एवढं समोर उभं राहून बघा, गंजलेला असला आणि खालचं ऑइल आधी सोडून दिलं तर गाडी तिथंच अडकते.